वाडगा फोडण्याचा हक्क : मुंबई, १६९४

१/
इ.स. १६९४. मुंबई बेटावरील ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने आपल्या हुकूमवहीत एक आदेश नोंदवला. त्याचा विषय राजकारण नव्हता, लढाईही नव्हती. विषय होता ‘पंच’ नावाच्या पेयाचा. खानावळीत पंच पिण्यास आलेल्या कोणत्याही माणसाने गोव्याचा चांगला अर्क एक क्वार्ट, साखर अर्धा पौंड आणि लिंबाचा चांगला रस अर्धा पाइंट मागून घ्यावा व आपला पंच आपणच तयार करावा, असा त्याचा आशय होता. पुढचे कलम त्याहून तिखट होते. पंचाच्या वाडग्यावर बाजार-कारकुनाचा शिक्का नसेल, तर गिऱ्हाइकाने तो वाडगा खुशाल फोडावा. वाडग्याचे पैसे द्यायचे नाहीत आणि पंचाचेही द्यायचे नाहीत.

२/
पेय बनवणाऱ्याला समोरासमोर ‘हे नीट झालेले नाही’ असे सांगणे आजही पुष्कळांच्या जिवावर येते. भोवती माणसे असतात, बनवणारा जाणकार असतो आणि आपल्याला त्यातले काही कळत नाही असे दिसण्याची धास्ती असते. मग मनुष्य मुकाट्याने पितो, पैसे देतो आणि बाहेर पडल्यावर कुरकुरतो. अशा संकोची गिऱ्हाइकाच्या हाती सव्वातीनशे वर्षांपूर्वी सरकारने थेट वाडगा फोडण्याचा अधिकार का दिला असेल? ती फसवणूक कोणती होती, ती पकडणे इतके अवघड का होते आणि हा हक्क नेमका कोणाच्या वाट्याला आला, या तीन प्रश्नांभोवती हा धागा विणलेला आहे.

३/
प्रथम पंच म्हणजे काय ते पाहू. कडक दारू, आंबट रस, साखर, पाणी आणि मसाला यांचे मोठ्या वाडग्यात केलेले मिश्रण, हे त्याचे सर्वसाधारण रूप. हे पेय युरोपातून भारतात आले नाही. ते येथील किनाऱ्यांवर, वखारींत आणि जहाजांवर घडले व मग युरोपात गेले. कंपनीच्या एका माणसाने भारतातून लिहिलेल्या १६३२ च्या पत्रात हा शब्द आढळतो. १६७३ मध्ये मुंबईला आलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने त्याची व्युत्पत्तीही दिली आहे. ‘पंच’ म्हणजे हिंदुस्थानी भाषेत पाच, आणि या पेयात पाच वस्तू पडतात म्हणून हे नाव, असे तो सांगतो. शिवराज्याभिषेकासाठी रायगडावर गेलेल्या ऑक्सिंडेनच्या वकिलातीचा वृत्तान्त ज्याच्या ग्रंथात येतो, तोच हा फ्रायर.

४/
ही व्युत्पत्ती सर्वांनाच मान्य आहे असे नाही. दारूच्या मोठ्या पिंपाला इंग्रजीत ‘पंचन’ म्हणत, त्यावरून हे नाव आले असावे, असाही एक पक्ष आहे. या वादातून एक उपयुक्त गोष्ट मात्र हाती लागते. १६३८ मध्ये सुरतेस आलेला जर्मन प्रवासी मांडेल्सलो दारू, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर अशा चारच वस्तू नोंदवतो. फ्रेंच वैद्य बर्निए बंगालमधील इंग्रज व डच लोकांच्या पेयाविषयी लिहिताना काळ्या साखरेपासून काढलेली दारू, लिंबाचा रस, पाणी आणि किंचित जायफळ सांगतो. म्हणजे नाव जवळपास एकच, पण कृती गावागावाला निराळी. जिथे कृती ठरलेली नसते, तिथे ‘हे बरोबर नाही’ असे म्हणण्यास आधारही नसतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरेल.

५/
हुकुमातील मुख्य वस्तू म्हणजे अर्क. इंग्रजी कागदांत ‘अरॅक’ म्हणून भेटणारा हा शब्द मुळात अरबी आहे. ‘अरक्’ म्हणजे घाम. भट्टीवरील भांड्यातून निघालेली वाफ थंड होऊन थेंबाथेंबाने गळते, ती भांड्याला फुटलेल्या घामासारखी दिसते. मराठीत ओव्याचा अर्क, गुलाबाचा अर्क असे शब्दप्रयोग रुळले आहेत; एखाद्या बिलंदर माणसाला ‘अर्क आहे’ असेही म्हणतात. सतराव्या शतकातील किनाऱ्यावर मात्र अर्क म्हणजे प्रामुख्याने ऊर्ध्वपातन करून काढलेली कडक दारू. ती कशापासून काढली हे मुलखावर अवलंबून असे. कुठे तांदूळ, कुठे गूळ-काकवी, कुठे माडी.

६/
‘गोव्याचा अर्क’ म्हटले की आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काजूची फेणी येईल. काजूचे झाड पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणले आणि गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. परंतु १६९४ च्या हुकुमात अभिप्रेत असलेला अर्क माडाचा होता. नारळाच्या झाडावरील न उमललेल्या पोयीला छेद देऊन जो रस गोळा करतात ती माडी. ती आंबवून भट्टीवर चढवली की अर्क निघे. गोव्याजवळील नेरूल या गावी उत्कृष्ट अर्क होतो आणि किनाऱ्यावरील इंग्रज त्याचाच पंच करतात, असे फ्रायरने नोंदवले आहे. मांडवीच्या मुखाशी वसलेले हे गाव आजही त्याच नावाने ओळखले जाते.

७/
हुकुमात केवळ ‘अर्क’ न म्हणता ‘गोव्याचा चांगला अर्क’ असे म्हटले आहे. त्या काळी बाजारात अनेक ठिकाणचा अर्क येत असे आणि त्यांच्या गुणांतील फरक पिणाऱ्यांना ठाऊक असे. १६८९ च्या प्रवासाने सुरतेस आलेला पाद्री ओव्हिंग्टन लिहितो की, बंगालचा अर्क गोव्याच्या अर्कापेक्षा पुष्कळ जहाल असतो, पण युरोपीय लोक पंचासाठी दोन्ही वापरतात. एका वाडग्यात गोव्याचा आणि दुसऱ्यात बंगालचा अर्क समप्रमाणात घातला, तर पिणाऱ्याची गत निराळी होणार. गावाचे नाव घालून सरकारने वस्तूचा दर्जा बांधून दिला. भौगोलिक मानांकनाच्या कल्पनेपूर्वी कितीतरी आधी बाजार गावाच्या नावाने माल ओळखत होता, याचे हे एक उदाहरण.

८/
आता त्या काळची मुंबई. १६६१ च्या विवाहकराराने हे बेट पोर्तुगालकडून इंग्लंडच्या राजाला मिळाले, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा आला आणि १६६८ मध्ये राजाने वर्षाला १० पौंडांच्या खंडाने ते कंपनीस दिले. १६८७ मध्ये कंपनीने पश्चिम किनाऱ्यावरील आपले मुख्य ठाणे सुरतेहून येथे हलवले. त्यानंतर लगेच १६८९-९० मध्ये सिद्दी याकुत खानाच्या वेढ्याने बेट होरपळून निघाले. म्हणजे १६९४ ची मुंबई हे वैभवशाली शहर नव्हते. वेढ्यातून आणि रोगराईतून सावरू पाहणारे, मोजक्या शिपायांच्या आणि खलाशांच्या बळावर तगलेले ते एक ठाणे होते.

९/
येथे येणारा युरोपीय माणूस फार काळ जगत नसे. मुंबईत माणसाचे आयुष्य दोन पावसाळ्यांएवढे, अशा अर्थाची म्हण त्या काळी रूढ असल्याचे ओव्हिंग्टनने सांगितले आहे. ताप, हगवण, दूषित पाणी ही कारणे होतीच. परंतु समकालीन लेखक दारूलाही दोष देतात. बर्निएच्या मते पंच चवीला बरा, पण प्रकृतीला अत्यंत घातक. बंगालमध्ये इंग्रज व डचांनी आपल्या खलाशांच्या पंच पिण्यावर आणि अर्क विकणाऱ्यांकडे जाण्यावर बंधने घातली, तेव्हा मृत्यू कमी झाले, असेही तो म्हणतो. ठाण्यातील प्रत्येक शिपाई महिनोन्‌महिन्यांचा समुद्रप्रवास करून आलेला असे. तो खानावळीत बाद झाला, तर त्याच्या जागी दुसरा लगेच मिळणार नव्हता.

१०/
मग सरकारने दारूच बंद का केली नाही? कारण दारू हे उत्पन्नाचेही साधन होते. माडीसाठी झाडे छेदण्यावर कर होता आणि अर्क विकण्याचा मक्ता दिला जाई. मराठीतील ‘गुत्ता’ हा शब्द मुळात ठेका किंवा मक्ता या अर्थाचा आहे. दारूविक्रीचे मक्ते इतके सार्वत्रिक झाले की दारूच्या दुकानालाच गुत्ता म्हणू लागले. दारू विकली जावी, पण तिने शिपाई मरू नये आणि भांडणतंटा होऊ नये, अशी ही तारेवरची कसरत. १६९४ चा हुकूम या कसरतीचाच एक भाग म्हणून वाचला पाहिजे. पिण्यावर तो बंदी घालत नाही. प्यायचे ते काय आणि किती, एवढेच तो ठरवून देतो.

११/
फसवणूक कशी होत असेल, हे समजण्यासाठी पंचाचा स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. सुटी दारू पेल्यात दिली, तर तिचा रंग, वास, धार सारे समोर असते. पंचात मात्र साखर दारूचा जहालपणा झाकते, लिंबू वास मारते, मसाला उरलेसुरले दडवते आणि पाणी सर्वांची भर घालते. चार वस्तू एकत्र ढवळल्या की कोणती किती पडली हे जिभेला सांगता येत नाही. अर्क कमी घातला तरी वाडगा भरलेलाच दिसतो. गोव्याच्या जागी दुसरा जहाल अर्क घालून पाणी वाढवले, तर नशा तेवढीच चढते, पण पिणाऱ्याने ज्याचे पैसे दिले ती वस्तू त्याला मिळत नाही. मिश्रण म्हणजे विक्रेत्याला मिळालेला पडदा.

१२/
या पडद्यावर हुकुमाने काढलेला उपाय साधा होता : मिश्रणच करू नका. वस्तू वेगवेगळ्या आणा, मापून समोर ठेवा. ढवळण्याचे काम पिणारा करील. आजच्या मापांत सांगायचे तर सुमारे एक लिटर अर्क, सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास साखर आणि साधारण पाव लिटर लिंबाचा रस. अर्काच्या चौथ्या हिश्शाइतका रस. एवढ्या मापाचा पंच एकट्याने संपवायचा नसतो. पाणी घातल्यावर तो एका टोळक्याला पुरे. एकच वाडगा मध्ये ठेवून सगळ्यांनी त्यातून प्यायचे, ही पंचाची रीत होती. त्यामुळे तक्रार करणाराही एकटा नसे. ढवळणाऱ्याच्या हाताकडे चार-सहा जोड्या डोळे लागलेले असत.

१३/
हुकुमात काय आहे याइतकेच काय नाही, हेही पाहण्यासारखे आहे. पंचाच्या पाच वस्तूंपैकी तिनांचीच मापे दिली आहेत. मसाल्याचा उल्लेख नाही आणि पाण्याचाही नाही. मसाला चिमूटभर लागतो, त्यात फसवण्यासारखे फारसे काही नाही. पाण्याला किंमत नाही. उलट पाणी हेच फसवणुकीचे हत्यार आहे. ज्या वस्तू विक्रेता चोरू शकतो त्या मापून घेतल्या आणि ज्या वस्तूने चोरी झाकता येते ती पिणाऱ्याच्या मर्जीवर सोडली, असा या रचनेचा अर्थ लावता येतो. किती पातळ प्यायचे हे ज्याचे त्याने ठरवावे. हा हुकूम लिहिणाऱ्याने खानावळीतील व्यवहार जवळून पाहिला असावा, असे मानण्यास जागा आहे.

१४/
मूळ इंग्रजीत लिंबाच्या रसासाठी जो शब्द आला आहे, त्याचे शब्दशः भाषांतर ‘लाइमचे पाणी’ असे होईल. इंग्रजीत ‘लाइम’ म्हणजे लिंबूही आणि चुनाही. त्यामुळे घाईने वाचणाऱ्याला कंपनी सरकार पंचात चुन्याची निवळी घालायला सांगते आहे, असे वाटण्याचा संभव आहे. तसे नाही, येथे लिंबूच अभिप्रेत आहे. जुने कागद वाचताना शब्दाचा आजचा किंवा पहिला सुचलेला अर्थ न घेता संदर्भातून अर्थ काढावा लागतो, याचा हा लहानसा धडा.

१५/
आता वाडग्याकडे वळू. वस्तू मापून घेतल्या तरी मापावर विश्वास कोणी ठेवायचा? पंच वाडग्याच्या हिशेबाने विकला जाई, म्हणजे वाडगा हे भांडेही होते आणि मापही. भांड्याचा तळ जाड केला किंवा काठ आत वळवला की माप बुडाले. म्हणून बाजार-कारकुनाने वाडगा तपासून त्यावर शिक्का मारावा अशी योजना होती. हे पद इंग्लंडच्या बाजारपेठांतून आले होते. वजनेमापे तपासणे हे त्याचे मुख्य काम. मराठी वाचकास हे अपरिचित वाटू नये. पुढे पेशवाईतील पुण्यात बाजारातील वजनामापांवर देखरेख ठेवणे हे कोतवालीच्या कामांपैकी एक होते.

१६/
या कल्पनेची मुळे इंग्लंडमध्ये खोलवर होती. १०८६ च्या डूम्सडे नोंदींनुसार चेस्टर नगरात वाईट एल, म्हणजे धान्याची आंबवलेली दारू, करणाऱ्यास मलाच्या खुर्चीवर बसवून फजीत करीत किंवा त्याच्याकडून ४ शिलिंग दंड घेत. १२१५ च्या मॅग्ना कार्टात राज्यभर वाइनसाठी आणि एलसाठी एकच माप असावे असे कलम आहे. तेराव्या शतकात पाव आणि एल यांचे दर व दर्जा बांधणारा कायदा आला व गावोगाव एल चाखून पाहणारे अधिकारी नेमले गेले. १५५६ मध्ये स्ट्रॅटफर्ड गावी असाच एक चाखणारा नेमला गेला, त्याचे नाव जॉन शेक्सपिअर. नाटककार विल्यमचे हे वडील.

१७/
मात्र मुंबईच्या हुकुमात एक निराळेपण आहे. चेस्टरमध्ये शिक्षा सत्ता देई आणि स्ट्रॅटफर्डमध्ये दोष अधिकारी शोधी. मुंबईत दोष शोधणे आणि शिक्षा देणे ही दोन्ही कामे गिऱ्हाइकाकडे आली. तक्रारअर्ज नको, साक्षीदार नकोत, कचेरीत खेपा नकोत. वाडगा उलटा करून पाहायचा. शिक्का नसेल तर फोडायचा आणि उठून चालू लागायचे. माणसांची वानवा असलेल्या ठाण्याला ही युक्ती सोयीची होती. कारकुनाने एकदा शिक्का मारला की पुढची तपासणी प्रत्येक पिणारा फुकट करी. अर्थात अर्धवट नशेतील खलाशांना भांडी फोडण्याची सरकारी मुभा देण्यात धोकाही होता. तरीही ती दिली, यावरून तोंडी तंबी अपुरी पडली असावी असे दिसते.

१८/
येथे इतिहासाच्या अभ्यासातील एक कळीचा मुद्दा येतो. नियम हा पुरावा आहे, पण कशाचा? हुकूम निघाला एवढ्यावरून लोक वाडगे फोडू लागले असे सिद्ध होत नाही. बिनशिक्क्याचे वाडगे बाजारात वापरले जात होते आणि त्यांविषयी कुणाला तरी काहीतरी करावेसे वाटले, एवढे मात्र त्यावरून म्हणता येते. जी गोष्ट कुणी करीतच नाही तिच्यावर कोणी बंदी घालत नाही. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी स्वच्छ भिंतीवर लागत नाही. या न्यायाने १६९४ चा हुकूम म्हणजे खानावळीत उठलेल्या आणि कागदावर न आलेल्या अनेक तक्रारींची सावली आहे. ‘यात अर्क कमी आहे’ असे आधी कुणीतरी मोठ्याने म्हटले असणार.

१९/
हा हुकूम आपल्यापर्यंत कसा पोहोचला, तेही पाहावे. एकोणिसाव्या शतकात मुंबईत पाद्री असलेल्या फिलिप अँडरसन यांनी पश्चिम हिंदुस्थानातील इंग्रजांचा इतिहास लिहिला, तो १८५४ मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबई सरकारच्या हुकूमवहीतील हा मजकूर त्यांनी त्यात दिला. तेथून यूल आणि बर्नेल यांनी तो ‘हॉब्सन-जॉब्सन’ या आपल्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात ‘पंच’ या शब्दाखाली घेतला. लढाया आणि तह यांच्यासाठी चाळलेल्या वहीत एका पाद्र्याला पंचाचा वाडगा दिसला आणि त्याने तो टिपून ठेवला, म्हणून सामान्य शिपायाच्या तक्रारीचा हा माग उरला.

२०/
शेवटचा प्रश्न : हक्क कोणाला मिळाला? हुकुमात ‘कोणताही माणूस’ असे शब्द आहेत. पण खानावळीत बसून क्वार्टभर गोव्याचा अर्क मागवणारा कोण? तो शिपाई, खलाशी, कंपनीचा नोकर किंवा व्यापारी. ज्या झाडापासून हे सारे सुरू होते, त्या माडावर चढणारा भंडारी या चित्रात येत नाही. मुंबईच्या माडांच्या वाड्यांतून माडी काढणे हा या समाजाचा पिढीजात उद्योग होता आणि बेटाच्या रक्षणासाठी इंग्रजांनी उभारलेल्या शिबंदीतही भंडारी होते. ते झाडासाठी कर भरीत. बाजारातील मापाविषयी हा हुकूम बोलतो. झाडावर चढणाऱ्याच्या मोबदल्याविषयी त्यात एक अक्षर नाही.

२१/
या भेदाचे भारतातही जुने उदाहरण आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात सुराध्यक्ष या अधिकाऱ्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. पिऊन झोपलेल्या गिऱ्हाइकाचे दागिने, वस्त्रे किंवा नाणी नाहीशी झाली, तर विक्रेत्याने ती भरून द्यावी आणि तेवढाच दंडही भरावा, अशी तरतूद त्यात आहे. गिऱ्हाइकाचे रक्षण झाले. त्याच प्रकरणात बिघडलेल्या सुरेचे काय करावे, हेही सांगितले आहे : ती दुसरीकडे विकावी किंवा दासांना व मजुरांना वेतनादाखल द्यावी. म्हणजे जी वस्तू गिऱ्हाइकापुढे ठेवण्यास अयोग्य, ती मजुराला चालेल. ‘हे नीट नाही’ असे म्हणण्याचा अधिकार बहुधा त्यालाच मिळतो, ज्याच्या खिशात पैसे असतात. दर्जाच्या इतिहासाला ही दुसरी बाजू कायम चिकटलेली आहे.

२२/
पंच युरोपात गेला आणि त्याच्याबरोबर संशयही गेला. इंग्लंडच्या संसदेने एल आणि बिअर यांच्या किरकोळ विक्रीची भांडी प्रमाणित व शिक्का मारलेलीच असावीत असा कायदा केला, तो १७०० मध्ये अमलात आला; मुंबईच्या हुकुमानंतर सहा वर्षांनी. १७३१ मध्ये जेम्स ॲश्ले नावाच्या विक्रेत्याने लंडनच्या लडगेट हिल भागात पंचाचे दुकान थाटले. लिंबू-साखरेचे सरबत वेगळे आणि दारू मापात वेगळी आणून देण्यात येईल, म्हणजे गुणात किंवा प्रमाणात फसवणुकीस जागाच राहणार नाही, अशी त्याची जाहिरात होती. मुंबईत जे सरकारला हुकूम काढून सांगावे लागले, ते लंडनमध्ये एका चतुर दुकानदाराने आपणहून केले आणि त्यावरच नाव कमावले.

२३/
या दोन प्रसंगांत सदतीस वर्षांचे आणि अर्ध्या जगाचे अंतर आहे. ॲश्लेला मुंबईचा हुकूम माहीत होता असे मानण्याचे कारण नाही. अडचण एकच असली की दूरदूरच्या माणसांना सारखाच उपाय सुचू शकतो, एवढेच यावरून म्हणावे. आणि अडचण खरोखर एकच होती : जो बनवतो त्याला सर्व ठाऊक असते, जो पितो त्याला काहीच दिसत नाही. ही दरी विश्वासाने भरते किंवा मापाने. विश्वास उडाला की माप येते. मापावरचाही विश्वास उडाला की शिक्का येतो. आणि शिक्काही नसेल तर, निदान १६९४ च्या मुंबईत, वाडगा फुटतो.

२४/
महाराष्ट्रात आजही वैधमापन यंत्रणा वजनामापांची पडताळणी करून त्यांवर मुद्रा उमटवते. दूधवाल्याच्या मापावर, भाजीवाल्याच्या वजनावर ती असते. पुष्कळांनी ती कधी निरखून पाहिलेली नसते. पेय नीट नाही असे वाटले, तर ते शांतपणे सांगणे हा कोणाचा अपमान नव्हे आणि नव्या काळाचे नखरेही नव्हेत. या बेटावर तो हक्क सव्वातीनशे वर्षांपूर्वी कागदावर आला आहे. फरक इतकाच की तेव्हा सांगण्याबरोबर फोडण्याचीही मुभा होती. ती आता उरलेली नाही. पण माप समोर मागण्याची रीत अजून शिल्लक आहे.

लेखनसीमा.